बोटीच्या गादीतली मूठभर रुई

समुद्र नागपुराहून कुठल्याही दिशेने धरा, लांबच पडतो. झिरो माइलचा दगड आमच्याकडे आहे, त्याचा आम्हाला अभिमानही आहे. तलाव आहेत म्हणा. फुटाळ्यावर संध्याकाळी कणीस खात पाय हलवत बसतो आणि त्यालाच चौपाटी म्हणून समाधान मानतो. त्यामुळे मे महिन्यातल्या एका दुपारी मार्तंडराव दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "शिडाच्या बोटीच्या आतल्या गाद्या नव्याने करायच्या आहेत, खर्च किती येईल?" तेव्हा देवाजीला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्याने भाव सांगण्याआधी गार पाणी दिलं.

देवाजीचं दुकान मानेवाडा रोडवर, घराच्या पुढच्याच खोलीत. वय बासष्ट. बापाने रुईच्या गाद्या भरल्या, याने सोफे, डॉक्टरांच्या खुर्च्या, मंगल कार्यालयांची आसनं शिवली. हात इतका बसलेला की गिऱ्हाईक बसून उठलं की गादीकडे बघून तो त्याचं दुखणं सांगायचा. कंबर डावीकडे दुखते ना? दुखत असायचीच.

मार्तंडराव चाळीस वर्षं मोठ्या जहाजांवर इंजिनं सांभाळत होते. निवृत्त होऊन घरी आले आणि करमेना. मग रत्नागिरीकडे कुणाची तरी पडून राहिलेली चोवीस फुटी बोट त्यांनी विकत घेतली आणि ट्रेलरवर लादून थेट हिंगणा रोडवर, भावाच्या मोकळ्या प्लॉटवर आणून उभी केली. स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची आणि दिवाळीनंतर मालवणला नेऊन पाण्यात सोडायची, असा बेत. प्लॉटच्या आजूबाजूला मेथी-कोथिंबीर लावलेली आणि मधोमध ही बोट. येणारे-जाणारे गाडी थांबवून फोटो काढायचे.

"मुंबईच्या माणसानं एक लाख पस्तीस हजार सांगितले," मार्तंडराव म्हणाले. "सहा गाद्यांचे. मला वाटलं, आपल्या गावात विचारून बघू."

"पाहाले लागन साहेब," देवाजी म्हणाला. "पाहिल्याबिगर भाव सांगत नाही मी."

दुसऱ्या दिवशी तो स्कूटरवर हिंगणा रोडला गेला. शिडी चढून, वाकून आत शिरला आणि पहिल्यांदाच त्याच्या टेपचं काही चालेना. बोटीत सरळ कोपरा म्हणून नाही. भिंती पोटासारख्या फुगलेल्या, आणि पुढे नाकाशी दोन गाद्या मिळून त्रिकोण होतो. तेव्हा त्याने वर्तमानपत्रं जोडून प्रत्येक गादीचा फर्मा कापला. मार्तंडराव वरून सूचना देत होते. रुई नको, काथ्या नको, पाणी धरेल असं काहीही नको. पाणी न पिणारा फोम, वर बोटीचं रेक्झिन, खाली हवा खेळायला जाळी, चेन प्लास्टिकची. लोखंडाची टाचणीसुद्धा नको.

"समुद्रावर ओल शिरली की संपलं, देवाजी. एक धागा कुजला तरी अख्खी गादी वास मारते."

"समजलं," देवाजी म्हणाला. आणि पुढच्या त्रिकोणी जागेचा फर्मा नीट बसतो का ते बघायला तो तिथे आडवा झाला. डोक्यावर काचेची एक चौकोनी खिडकी होती. त्यातून नुसतं आकाश दिसत होतं. इथे झोपलेल्या माणसाला मालवणात डोळे उघडल्यावर काय दिसेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी त्याने ठरवून टाकलं की हे काम दुसऱ्या कोणाला जाऊ द्यायचं नाही.

घरी येऊन त्याने कागदावर खर्च मांडला. फोम एकवीस हजार. रेक्झिन अकरा हजार नऊशे. चेन-धागा चोवीसशे, जाळी अठराशे. मजुरी अठरा हजार लिहिली, मग खोडून नऊ केली. शेहेचाळीस हजार शंभर. मार्तंडरावांनी कागद दोनदा वाचला.

"एवढ्यात कसं परवडतं तुम्हाला?"

"परवडते," देवाजी म्हणाला. काहून परवडते, ते त्याने सांगितलं नाही. ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

आता ते सांगायला हवं.

देवाजीच्या बापाचा एक नेम होता. जुनी गादी पिंजून नवी भरताना जुन्या रुईतली एक मूठ नव्यात घालायचीच. नाहीतर घरातली झोप उठून जाते, असं तो म्हणायचा. आणि दुसरा नेम, गेलेल्या माणसाच्या गादीतली रुई ठेवायची नाही. गावाबाहेर नेऊन टाकायची आणि मागे वळून बघायचं नाही.

सहा वर्षांपूर्वी, पोळा होऊन आठ दिवस झाले नव्हते, देवाजीची एकुलती एक मुलगी अपेक्षा डेंग्यूने गेली. एकोणीस वर्षांची. कॉलेजची सहल डिसेंबरात गणपतीपुळ्याला जाणार होती, तिने पैसे भरून ठेवले होते. समुद्र पाहायची तिला भारी हौस. कॉलेजने ते पैसे पाकिटात घालून परत पाठवले. ते पाकीट अजून देवघरात तसंच आहे, कोणी फोडलं नाही. तेरवी झाल्यावर देवाजीने तिची गादी उसवली, रुई पोत्यात भरली, स्कूटरवर पोतं बांधलं. कन्हानच्या पुलापर्यंत गेला. तासभर उभा राहिला आणि पोतं घेऊन परत आला. ते त्याने दुकानातल्या वरच्या फळीवर, रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे ठेवलं.

महिन्याभराने सक्करदऱ्याच्या एका लग्नाचा सोफा शिवताना त्याचा हात आपोआप फळीवर गेला. एक मूठ काढली, सोफ्याच्या पोटात घातली, शिवून टाकलं. त्या रात्री त्याला झोप लागली.

मग तो दर चांगल्या कामात तिला घालू लागला. पण कुठेही नाही हं! मुलीचं स्थळ पाहावं तसा तो गिऱ्हाईकाचं घर पाहायचा. माप घ्यायला गेला की बघायचा, बाईमाणसाशी कसं बोलतात, तुळशीला पाणी आहे का, पोरं हसतात का. एका बंगल्यात मालक बायकोवर खेकसला, तर चाळीस हजारांच्या कामात त्याने एक धागा घातला नाही. उलट धंतोलीतल्या मुलांच्या डॉक्टरच्या बाकड्यात दोन मुठी घातल्या. प्रतापनगरात पार्लरच्या खुर्चीत घातली, तिला पार्लरची आवड होती म्हणून. एका अभ्यासिकेच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत घातली, कारण तिची डिग्री राहून गेली होती. सहा वर्षांत लेकीला त्याने अख्ख्या शहरात नांदायला पाठवलं.

स्कूटरवरून त्या घरांपुढून जाताना तो हॅंडलवरची दोन बोटं उचलायचा. गल्लीतले लोक म्हणायचे, देवाजी आता भिंतींनाही सलाम करते. त्याला काय फरक पडत होता! धंतोलीची नर्स एकदा सहज बोलून गेली होती, "काका, तुमच्या बाकावर रडकं पोरगंही चूप होते." देवाजीला पुरावा मिळाला. त्या दिवशी घरी येताना तो पाव किलो संत्राबर्फी घेऊन आला आणि प्रेमिलाने विचारलं, काहून आणली, तर म्हणाला, असंच.

प्रेमिला त्याची बायको. लेक गेल्यापासून ती दुकानाच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. चहासुद्धा मधल्या दाराच्या उंबरठ्यावर ठेवून जायची. कमी बोलायची, दुपारी तास-दोन तास झोपायची आणि कोणी उठवलेलं तिला खपायचं नाही.

मार्तंडरावांची बोट आली तेव्हा पोत्यात एकच मूठ उरली होती. ती कुठे घालावी या विचारात देवाजी चार महिने होता. आणि आता समुद्र स्वतः पायरीवर येऊन भाव विचारत होता.

साहेबाने बजावून सांगितलं होतं, रुई नको. देवाजीला ते कळलं नव्हतं असं नाही. चांगलं कळलं होतं. पण बापाच्या हातचं वळण आणि स्वतःतल्या बापाचं काळीज, दोन्ही एकदम ओढायला लागल्यावर साहेबाचं फोमचं शहाणपण कोण ऐकतो? खिडकीखालच्या त्रिकोणी गादीत, चेनीजवळ, जाळीच्या अगदी वर त्याने ती शेवटची मूठ ठेवली. चेन ओढली. "पाहून घे वं," एवढंच म्हणाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाद्या बसल्या. मार्तंडरावांनी हात फिरवून बघितलं, म्हणाले, "मुंबईवाल्याला असं शिवता आलं नसतं!" देवाजी खूश झाला आणि पाऊस लागला.

त्या वर्षी पाऊस सोडेना. सप्टेंबर उजाडला, आणि एका सकाळी मार्तंडरावांची गाडी दुकानापुढे थांबली. डिकीतून त्यांनी ती त्रिकोणी गादी काढली आणि आणून कापायच्या टेबलावर टाकली. वास आधी आला. भिजून पडलेल्या कुत्र्याचा असतो तसला.

"वरची खिडकी थोडी गळली," मार्तंडराव म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण चेहरा लाल होता. "बाकीच्या पाच गाद्या पुसल्या आणि झालं. ही एकच कुजली. का कुजली ते मला उघडून दाखवा."

देवाजीने चेन उघडली. हात आत घातला. जे हाताला लागलं ते रुईसारखं नव्हतं. काळं, चिकट, थंड. मुठीत मावेल एवढा गोळा. त्याने तो बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला नाही, हातातच धरून उभा राहिला.

"मी काय सांगितलं होतं?" मार्तंडराव म्हणाले. "एक धागा नको म्हटलं होतं ना? चाळीस वर्षं काम करता तुम्ही. पैसे वाचवायला जुनी रुई कोंबली?"

चोरीचा आळ आला असता तर देवाजीने सहन केला असता. पण जुनी रुई कोंबली हे त्याला सहन झालं नाही. तो स्टुलावर बसला आणि सगळं बोलून गेला. पोळा, पोतं, कन्हानचा पूल, सोफा, बाकडं, पार्लर. "आखरी मूठ होती साहेब. समुद्र पाहाची होती तिले. अन् म्याच तिले सडवली."

मार्तंडरावांनी खुर्ची ओढली. समोर बसले.

"मीठ आणि ओल सगळं खाते, देवाजी. लोखंड खाते, रुईची काय कथा. मला सांगितलं असतं, तर हवाबंद डबीत घालून नेली असती. माझ्याजवळ आहेत तसल्या डब्या, आम्ही कागदपत्रं ठेवतो." मग म्हणाले, "अजून थोडी असेल तर द्या. नेतो."

"संपली," देवाजी म्हणाला.

गादी नवी करून द्यायची, खर्च देवाजीचा, एवढं ठरलं आणि ते गेले. देवाजीने तो गोळा धुवायचा प्रयत्न केला. पाण्याखाली धरला तर तो बोटांमधून सुटून मोरीतून निघून गेला. त्याने झटकन मोरीवर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

प्रेमिला मागे उभी होती. मधल्या दारापाशी, उंबरठ्याच्या घराकडच्या बाजूला. सगळं ऐकलं होतं तिने.

"संपली वं," देवाजी म्हणाला. ओल्या हातांनी तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. "म्या तिले साऱ्या गावात वाटली. तुले न विचारता. अन् आता ते पण गेली."

प्रेमिला रडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं. तिने दोन्ही केलं नाही.

"तिची नव्हती ते," ती म्हणाली.

"काय?"

"तुमी पुलावरून पोतं घेऊन वापस आले, ते मले माईत होतं. दुसऱ्या दिवशी तुमी कामठीले कापड आनाले गेले, तवा म्या पोतं काढलं. तिची रुई सारी काढून घेतली. पोत्यात दुकानातली दुसरी भरून ठेवली, तुमाले समजू नये म्हनून. तवापासून दुकानात पाय नाही ठेवला." ती आत वळली. "माही उशी पाहा ना. सहा साल झाले, मी तिच्यावर डोकं टेकून राहिली."

देवाजी तिच्या मागे गेला. उशी पलंगावर होती. फुगलेली, जाड, जुन्या लुगड्याच्या खोळीतली. ही उशी एवढी जाड का, असं गाद्यांवरून लोकांची दुखणी ओळखणाऱ्या त्या माणसाने सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. त्याने वाकून उशीचा वास घेतला. प्रेमिलाच्या तेलाचा वास होता. दुसरा कोणताच नव्हता. त्याने पुन्हा पुन्हा घेतला.

"काहून सांगतलं नाही?"

"तुमी लोकायच्या घरी काम करून आले की हासत आले ना जी. मले वाटे, काइतरी चाललं आहे तुमचं. म्या काहून मोडू?"

पुढचे आठ दिवस देवाजी स्कूटरवरून हिंडला आणि दोन बोटं उचलली नाहीत. शहर त्याला रिकामं वाटू लागलं. सक्करदऱ्याच्या त्या घरात नुसता सोफा होता. पार्लरमध्ये नुसती खुर्ची. सहा वर्षं तो कोणाला सलाम करत होता? धंतोलीवरून जाताना तो डॉक्टरच्या दवाखान्याशी थांबला, आत डोकावला. बाकावर एक तापलेलं पोरगं आईच्या मांडीवर भोकाड पसरून होतं. आईने त्याला बाकावर निजवलं, आणि ते दोन-चार हुंदके देऊन चूप झालं. देवाजी दारातून मागे सरला. तो आत गेला नाही. नर्सनं "काका, या ना" म्हटलं तरी गेला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो बोटीची नवी त्रिकोणी गादी शिवत होता. फोम घातला होता, चेन तेवढी ओढायची होती. मधलं दार उघडलं आणि प्रेमिला दुकानात आली. सहा वर्षांत पहिल्यांदा. काखेत उशी. तिने ती टेबलावर ठेवली.

"उसवा."

देवाजीने हातातली चेन सोडली.

"साहेब डबी देतो म्हनते ना? घ्या एक मूठ. समुद्र पाहू द्या तिले." तिने उशी त्याच्याकडे सरकवली. "म्याच धरून ठेवली. तुमी तरी जाऊ देत होते. मी कोनाले देल्ली नाही."

देवाजीने ब्लेड उचललं. आयुष्यात हजारो शिवणी उसवल्या असतील, एकेका झटक्यात. उशीच्या कडेला त्याने ब्लेड लावलं. मध्ये प्रेमिलाच्या डोक्याचा खळगा होता, डावीकडे झुकलेला, खोल. ही बाई दुपारी झोपेत कुणाकडे जाते, ते त्याला त्या खळग्यात दिसलं. आजवर तो दुकानातल्या फुकट रुईवर दानशूर झाला होता. खरी रुई हातात आली आणि त्याचा हात पुढे सरकेना.

"नाही होत वं," तो म्हणाला.

"एक मूठ तं घ्या."

"नाही. राहू दे. आंगावरची आहे तुह्या." त्याने ब्लेड खाली ठेवलं, बोटीच्या गादीची चेन ओढली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून लेकीसाठी निवडलेली गादी मुठीशिवाय गेली.

दिवाळी झाल्यावर बोट निघाली. मार्तंडरावांनी मुद्दाम फोन करून बोलावलं होतं. देवाजी आणि प्रेमिला सकाळी स्कूटरवरून हिंगणा रोडला गेले, आणि निघताना प्रेमिलाने ती उशी पदराखाली घेतली होती. काहून, ते देवाजीने विचारलं नाही. प्लॉटवर बरीच गर्दी होती. कोणी नारळ फोडला, कोणी मोबाईल वर धरले. मार्तंडरावांनी देवाजीला हात करून खिशातली रिकामी डबी दाखवली. देवाजीने मान हलवली, नाही. ते समजले.

ट्रॅक्टरने ट्रेलर ओढला. मेथीच्या वाफ्यांमधून ती पांढरी बोट हळूहळू रस्त्याकडे निघाली, पुढच्या काचेच्या खिडकीवर ऊन पडलं. गर्दी पुढे सरकली आणि प्रेमिलाला काही दिसेना. तिने पदर बाजूला केला. उशी दोन्ही हातांनी उचलली, आणि लहान पोराला मिरवणूक दाखवतात तशी डोक्याच्या वर धरली.

लोक बघत होते. देवाजीने तिला खाली घे म्हटलं नाही. बोट वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत त्याने तिच्या कोपरांना खालून हात दिला.